कमरेचा दोर

८ जानेवारी

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

बातमी आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही नेहमीसारखं शेवटचं पान आधी वाचाल आणि काकूला भलतंच काहीतरी सांगाल. मी मुकादम झाले. हो, तुमची ठकीच. बाबा गेल्यावर मला गाठी मारायला शिकवताना तुम्ही म्हणाला होतात, "पोरीच्या जातीला दोराचं काय काम?" आणि म्हणत म्हणतच सगळ्या गाठी शिकवल्या होत्यात. आता माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. उंच इमारतींच्या बाहेरून लटकून काचा धुणारी, भिंती रंगवणारी, आणि माझ्यापेक्षा वयानं मोठी असून मला "बाई, बाई" करणारी. पहिल्या दिवशी हसू आवरेना.

टिल्लू मजेत आहे. सहा फुटी माणसाला टिल्लू म्हणायची आता मलाच लाज वाटते, पण दुसऱ्या नावानं हाक मारली तर तुमचा मुलगा वळूनही बघत नाही. काकू त्याच्या काळजीनं रोज धास्तावते म्हणे. तिला एकदा नीट समजावून सांगा. बसायची फळी गच्चीवर पक्की बांधलेली असते. फळीवरून उठून बाजूला सरकायचं, तेवढ्या वेळापुरताच माणसाचा सगळा भार कमरेच्या दोरावर येतो, आणि तो दोर वर सोबती हातात धरून असतो. उठण्याआधी खालचा विचारतो, "आहेस?" वरचा म्हणतो, "आहे!" मगच उठायचं. तुमच्या वेळेपासूनची रीत आहे, ती आम्ही मोडलेली नाही.

एक नवं म्हणजे, आमच्यात आता नदीपलीकडची तीन माणसं आली आहेत. आपले आठ जण गच्चीच्या सावलीतल्या टोकाला डबा खातात आणि ते तिघं उन्हातल्या टोकाला. कुणी कुणाला सांगितलेलं नाही, पण बसतात तसेच. पाण्याचे कॅनसुद्धा दोन. कामाच्या वेळी आपल्या टोकाला नुसता बाजार भरलेला असतो, "आहेस?" "आहे!" आणि त्यांच्या टोकाला चिडीचूप. त्यातल्या एकाच्या हातात दोर आला की तोंडाला कुलूपच लागतं, म्हणून आपल्या लोकांनी त्याचं नाव घुम्या ठेवलंय.

मी ठरवलंय, हे दोन टोकांचं प्रकरण माझ्या राज्यात चालणार नाही. हळूहळू जोड्या मिसळणार. आशीर्वाद द्या.

तुमची,
ठकी

२० जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तू मुकादम झालीस हे मी गल्लीभर सांगितलं. न्हाव्याला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याचं लक्ष माझ्या मिशीकडे होतं. तुझा बाप असता तर आज जमिनीवर चालला नसता. काकूनं शेजारणीला बोलावून तुझं पत्र वाचून घेतलं. मी वाचून दाखवलेलं तिला खरं वाटत नाही.

आता कान उघडून ऐक. चहा मिसळ, डबे मिसळ, गप्पा मिसळ. दोर मिसळू नकोस. पलीकडच्यांचं मला सांगू नकोस, माझं सगळं आयुष्य दोरावर गेलं. ते लोक गोड वागतात, काम झटपट करतात, पण ऐन वेळी हात सैल सोडतात. माझ्या वडिलांनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं. चार पिढ्या काय खोटं बोलतील? मी स्वतः त्यांच्यासोबत कधी काम केलं नाही, तशी वेळच येऊ दिली नाही. म्हणून तर हातीपायी धड आहे. शितावरून भाताची परीक्षा करावी माणसानं.

मुकादम झालीस म्हणून जग बदलायला निघू नकोस. नव्याचे नऊ दिवस असतात. माणसं आपापल्या टोकाला बसतात, बसू देत. त्यात कुणाचं वाईट होत नाही.

एवढं एकच मागतो, आणि मागतो म्हणजे बजावतो. टिल्लूचा दोर आपल्याच माणसाच्या हातात राहील. कुणी नसेल तेव्हा तू धर. आम्हाला एकच आहे.

काकूचे गुडघे कुरकुरतात, माझेही. दोघं मिळून चाललो की दाराच्या बिजागऱ्या वाजल्यासारखं वाटतं. बाकी क्षेम.

तुझा,
काका

१२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. नवी इमारत घेतली आहे, सगळी काचेचीच. आपली कामं चालू असताना आतले लोक संगणकासमोर बसलेले दिसतात आणि टिल्लू त्यांना काचेतून वाकुल्या दाखवतो. दोनदा तक्रार आली. मी त्याला झापलं, मग कोपऱ्यात जाऊन हसले.

शितावरून भाताची परीक्षा म्हणता, पण काका, तुम्ही तर शीतसुद्धा पाहिलेलं नाही! रागावू नका, चेष्टा केली. तुमच्या काळात ते चालत असेल. आता सगळे एकाच गच्चीवर, एकाच पगारावर. मी त्यांच्यात आणि आपल्यात काडीचा फरक करत नाही. कुठून आलास, तिकडे काम कसं करता, घरी कोण, मी त्यांना काही म्हणजे काही विचारत नाही. विचारलं की माणूस परका होतो. माझ्यासाठी सगळे सारखे, त्यांनाही सांगून टाकलंय. घुम्यानं मान हलवली. बोलला काही नाही, पण तो कधी बोलतो?

पाण्याचे दोन कॅन होते त्यांचा मी एकच केला. पहिले दोन दिवस आपले लोक घरून बाटल्या घेऊन आले. तिसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की झक मारत त्याच कॅनमधलं प्यायले. माणसाला तहान लागली की सगळी पुराणं विसरतो. आता सोमवारपासून जोड्याही बदलते आहे.

टिल्लूची काळजी करू नका. त्याचा दोर चांगल्या हातात राहील, हा माझा शब्द.

काकूला गुडघ्यांचं तेल पाठवते आहे. तुम्हीही लावा, तिच्या नावावर खपवून.

तुमची,
ठकी

२० फेब्रुवारी

काका,

टिल्लू जिवंत आहे. ही पहिली ओळ काकूला वाचून दाखवा, मग पुढचं तुम्ही एकटे वाचा.

सोमवारी सकाळी तो सातव्या मजल्यावर होता. डावा पाय मांडीत मोडला आहे, गुडघाही गेलाय. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही, पण पाय थोडा आखूड राहील. शुद्धीवर आहे, बोलतो, पाणी पितो. कालपासून नर्सशी भांडायला लागलाय, म्हणजे बरा होणार.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते. दोर घुम्याच्या हातात होता. मीच दिला होता. बारा तारखेच्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. काकांना कळणारच नाही, आणि कळेल तेव्हा ते हसून म्हणतील, पोरगी जिंकली. मला असं वाटलं होतं.

टिल्लू म्हणतो, त्यानं उठता उठता "आहेस?" म्हणून विचारलं. उत्तर नाही. परत ओरडला. उत्तर नाही. तोवर तो फळीवरून अर्धा उठलेला होता, आणि तेवढ्यात कमरेला हिसके बसले. दोर सुटतोय असं समजून त्यानं खिडकीच्या चौकटीकडे झेप घेतली. हात निसटला. खाली गेला, मग झोका बसून भिंतीवर आपटला. खालच्या सज्ज्यात लोकांनी त्याला आत ओढून घेतलं.

मी जिने चढून गच्चीवर गेले तेव्हा तो घुम्या उभा होता. खाली एक माणूस तडफडतोय आणि हा मुठी आवळून उभा, जणू मलाच मारणार आहे. मी विचारलं, "उत्तर का दिलं नाहीस?" तोंड उघडून म्हणतो, "बाई, आधी त्याला बघा." मला! माझ्या भावाला बघायला हा मला सांगतो! काका, मी सगळ्यांसमोर त्याच्या कानशिलात मारली. मग आपल्या लोकांना आवर घालायचा राहिला. मी घातलाही नाही. बाकीचे दोघं त्याला मधे घेऊन जिन्यानं खाली पळाले. मागून आपले लोक पूल येईपर्यंत गेले.

तुम्ही म्हणत होता तेच खरं. तुम्हाला अक्कल शिकवायला निघाले होते मी, पायलीला पन्नास मिळतील अशी. कंपनीनं चौकशी समिती नेमली आहे. माझा जबाब मी काल दिला. हलगर्जीपणा, असं लिहून दिलं. काकू येणार असेल तर तिकीट काढून पाठवते.

ठकी

२७ फेब्रुवारी

चि. ठकीस,

काकू येत नाही. तिला सांगितल्यापासून ती नुसती स्वयंपाकघरात बसून आहे. मी यायला निघालो तर तीच म्हणाली, तुम्ही गेलात तर मला इथे कोण बघणार. म्हणून थांबलो.

तुझ्यावर रागावू की तुला जवळ घेऊ तेच कळत नाही. आम्ही तुला पोटच्या पोरीसारखी वाढवली, आणि तू आमचं एकुलतं एक उचलून परक्याच्या हातात दिलंस. शब्द दिला होतास तू. लिहितो आणि परत खोडतो. खोडलेलं वाचायचा प्रयत्न करू नकोस.

थप्पड मारलीस ते बरंच केलंस.

मी समितीला पत्र पाठवलं आहे. त्यातले दोघं माझ्या हाताखाली गाठी मारायला शिकलेले, माझा शब्द खाली पडू देणार नाहीत. मी लिहिलं की एका माणसाचा प्रश्न नाही. पलीकडच्या कुणाच्याही हातात कमरेचा दोर देऊ नये, खाली बादल्या भरायला ठेवा हवं तर. असं लिहायला मला काही वाटलं नाही. उलट आमच्या वाडवडिलांचं ऐकलं नाही म्हणून हे झालं, असं वाटलं.

एक काम कर. सातव्या मजल्यावरून हातातला दोर सुटला तर माणूस नुसती मांडी मोडून निभावत नाही, हे तुलाही कळतं. म्हणजे दोर कुठेतरी अडकला असणार. कठड्याच्या खिळ्याला, पाइपाला, कशाला तरी. ती जागा शोध. कंपनीला सांगून तिथे पक्की कडी बसवून घे, पुढे दुसऱ्या कुणाचं पोर वाचेल. कशाला अडकला ते मला कळव, काकूला सांगायचं आहे. तिला काहीतरी धरून ठेवायला हवं आहे.

काका

८ मार्च

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितलं तशी मी गच्चीवर गेले. कठडा हातानं चाचपला. खिळा नाही, पाइप नाही, नुसतं गुळगुळीत सिमेंट. दोर कुठे अडकण्यासारखा नाही. दोर मात्र अजून तिथेच कोपऱ्यात पडला होता, चौकशीसाठी ठेवलेला. तो मी उलगडला. एका हाताएवढ्या लांबीवर तो काळा पडून ताठ झालाय. मला वाटलं डांबर. नखानं खरवडलं. डांबर नव्हतं.

काका, मी तिथेच खाली बसले. मुठी आवळून उभा होता असं मी तुम्हाला लिहिलं होतं ना?

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून गेले. आयुष्यात पहिल्यांदा. पत्ता कुणाला ठाऊक नव्हता, त्याचं खरं नावही नाही. अकरा माणसांची मुकादम मी, आणि लोकांना काय विचारत फिरले, तर घुम्या कुठे राहतो! कुणी ओळखेना. शेवटी वर्णन सांगितलं तेव्हा एक बाई म्हणाली, "अगं, बडबड्या म्हण की!" त्याच्या गल्लीत त्याला बडबड्या म्हणतात. एकदा सुरू झाला की थांबत नाही म्हणे.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. तो आत पाटावर बसला होता आणि ती त्याला घास भरवत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. तळव्यांना कातडी उरलेली नाही. टिल्लूला वर खेचणं शक्यच नव्हतं, त्यानं त्याचं पडणं थांबवलं होतं. टिल्लू खाली गेला तेव्हा दोर त्याच्या तळव्यांतून सरकला आणि त्यानं तो तसाच धरला. मग एक एक हात सोडत टिल्लूला सज्ज्यापर्यंत उतरवला, आणि तो आत ओढला गेल्यावरच मुठी मिटल्या. त्याच मुठींकडे बघून मी त्याला मारलं.

मी विचारलं, उत्तर का दिलं नाहीस? या वेळी खरंच विचारलं. तो म्हणाला, "दिलं की बाई. दोनदा दिलं." त्यांच्याकडे हातात माणसाचा भार असताना तोंड उघडायचं नाही, अशी रीत आहे. बोललं की श्वास सुटतो आणि पकड ढिली पडते. उत्तर दोरानंच द्यायचं, दोन हिसके. लहानपणापासून तसंच शिकवतात. आपले लोक ओरडतात ते त्याला वाटायचं गंमत म्हणून ओरडतात, वेळ जावा म्हणून. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं, सगळे सारखे.

टिल्लूला विचारलं. तो सरळ म्हणाला, हो, दोन हिसके बसले. एक, आणि लगेच दुसरा. त्याला अजूनही वाटतं दोर सुटत होता.

मी जबाब बदलणार आहे. त्याचा परिणाम मला ठाऊक आहे, दोष माझ्यावर येईल, यावाच. आपले लोक आत्तापासून माझ्याशी बोलेनासे झालेत. पण माझ्या जबाबापेक्षा तुमचं पत्र भारी आहे. काका, पाया पडते, ते परत घ्या. त्याची दोरावरची रोजी जाईल, त्याच्यामागे बाकीच्या दोघांची, आणि उद्या पुलापलीकडून येणाऱ्या प्रत्येकाची.

काकूला सांगा, दोर कशालाही अडकला नव्हता. दोर माणसानं धरला होता.

तुमची,
ठकी

१६ मार्च

चि. ठकीस,

तुझं पत्र मिळालं. काकूला वाचून दाखवलं नाही.

पलीकडे जाऊन त्यांच्या पाटावर बसून आलीस, त्यांनी सांगितलं आणि तुला पटलं. तुझ्या मनाचा कोवळेपणा मला ठाऊक आहे. हात सोलले असतील, नाही म्हणत नाही. दोर सुटताना धरायला गेला म्हणून सोलले असतील. मुळात वेळेवर तोंड उघडलं असतं तर ना हात सोलले असते ना पाय मोडला असता. दोन हिसके म्हणे! चार पिढ्यांत असलं काही ऐकलं नाही.

माझं पत्र परत घेणार नाही. ज्या गोष्टी सांगत मी म्हातारा झालो त्यांचं आता काय करू? पोराचा पाय मोडल्यावर मी समितीपुढे जाऊन सांगू की त्यांचंच बरोबर? तुला तुझा जबाब बदलायचा तर बदल. तू मुकादम आहेस, मी कोण?

टिल्लूला म्हणावं, घरी ये.

काका

२ एप्रिल

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

चौकशी झाली. कळवणं माझं काम आहे म्हणून कळवते.

मी जबाब बदलला. दोर दाखवला. त्याचे हात त्यांनी बघितले. एक जण तर तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. क्षणभर वाटलं, झालं. मग त्यांनी तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. वाचताना सगळे ताठ बसले, तुमचं नावच तसं आहे. निकाल असा की त्याचा दोष सिद्ध होत नाही, तरी जखमी कामगाराचे वडील, एवढे जुने जाणते, लिहितात त्या अर्थी सावध राहावं. तिघांनाही दोर नाही. बादल्या भराव्यात, फळ्या धुवाव्यात, नाहीतर जावं. तिघं गेले. त्यानं जाताना मला नमस्कार केला, हात जोडता येत नव्हते म्हणून नुसती मान वाकवली. काका, शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

माझी मुकादमी गेली. विचार न करता रीत बदलली हा ठपका आहे, आणि तो खरा आहे. मला दूरच्या शाखेत पाठवताहेत, समुद्राकाठी. तिथे मी कुणाला ओळखत नाही, बरंच आहे.

टिल्लू कुबड्या घेऊन चालतो. येत्या आठवड्यात घरी पोचेल. त्याला मी सगळं सांगितलंय.  दोन दिवसांनी मला म्हणाला, "ताई, बाबांशी मीच बोलतो." काय बोलणार ते मी विचारलं नाही.

तुमच्यावर माझा राग आहे. तो लपवून आशीर्वाद मागणं मला जमणार नाही. काकूला सांभाळा.

ठकी

३० जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी टिल्लूच्या जुन्या खोलीवरून लिहितो आहे. हो, मी आलो. गाडीत गुडघ्यांनी छळलं, काकूनं दिलेलं तेल वाटेतच संपलं. ती टिल्लूपाशी घरी आहे, तिनंच मला ढकललं. म्हणाली, "तुमच्यानं होत नसेल तर मी जाते."

टिल्लू घरी आला तो भांडला नाही. मला म्हणाला, "बाबा, सुटलेला दोर हिसका देतो का?" एवढंच. सुटलेला दोर ढिला पडतो ठकी, तो हिसका देत नाही. हिसका द्यायला दोराच्या टोकाला माणूस लागतो. हे मला तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी कळलं होतं. पटवून घ्यायला मी तीन महिने लावले, आणि निकाल कळवल्यानंतर तू मला एकही पत्र लिहिलं नाहीस. चांगलं केलंस.

मी समितीपुढे गेलो. माझे दोघं शिष्य उठून उभे राहिले, त्यांना वाटलं म्हातारा आभार मानायला आला. मी म्हणालो, माझं पत्र फाडा, माझ्यासमोर फाडा. न पाहिलेल्या माणसांविषयी लिहिलं होतं ते. त्यांनी बरीच कुरकुर केली, शेवटी फाडलं. तिघांनाही दोरावर परत घ्यायचं लेखी दिलं आहे. दोन्ही रीती एकमेकांना शिकवल्याशिवाय जोडी लावायची नाही, हेही लिहून घेतलं. ते तुझ्या पत्रावरून सुचलं, असंही सांगितलं.

तो कागद घेऊन काल मी पूल ओलांडला. वाटलं होतं, दार उघडेल, कागद देईन, हात जोडेन, तोही काहीतरी बोलेल. इतक्या पायऱ्या मी मनात चढून ठेवल्या होत्या.

दारात त्याचा बाप बसला होता. माझ्याच वयाचा. बोटं माझ्यासारखीच वाकडी, दोरावरची. मी कोण ते सांगितलं. तो उठला नाही, बसा म्हणाला नाही. मुलगा आतून बाहेर आला. तळव्यांवर नवी कातडी आली आहे, गुलाबी, मुठी अजून पूर्ण मिटत नाहीत. कागद वाचला, टिल्लूचा पाय कसा आहे ते विचारलं, कितीतरी वेळ विचारत राहिला. मग कागद घडी घालून मला परत दिला. म्हणाला, "काका, दोर धरीन, पण तुमच्या माणसाचा नाही. हात चुकेल याची भीती नाही वाटत मला. हात न चुकताही मार बसेल याची वाटते."

मी कागद खिशात ठेवला.  पायरीवरून उतरायला लागलो तेव्हा तो बाप पहिल्यांदा बोलला. रागानं नाही, थकून. म्हणाला, "माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं, अलीकडच्यांचा दोर धरू नकोस, जीव वाचवलास तरी ते मारतील. मी पोराला म्हणालो, जुन्या गोष्टी आहेत त्या, माणसं सगळीकडे सारखी, जा बिनधास्त. मीच पाठवला त्याला. आता नातवंडांना मी वडिलांचंच सांगणार."

त्याला मी खोटं कसं म्हणू? सबंध आयुष्यात मी जे केलं नाही ते त्या माणसानं केलं होतं. घरातलं ऐकीव विष त्यानं पोरापर्यंत पोचू दिलं नव्हतं. ठकी, तो माझ्यापेक्षा चांगला माणूस होता. आपण सगळ्यांनी मिळून त्याला माझ्यासारखा करून टाकला.

तुझा,
काका